हायडनचं एकच क्वार्टेट, तीन संच, तीन तऱ्हा: घ्यावं कोणतं?

काळी_चार

नमस्कार मंडळी. मी मूळचा खयाल ऐकणारा, त्यातही किराणा. नाशिकला असतो, नोकरी संपली आहे, त्यामुळे ऐकायला सवड भरपूर. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी आजवरचा संबंध म्हणजे सलील चौधरींनी जिच्यावरून हिंदी गाणं बांधलं ती मोझार्टची चाळीसावी सिंफनी आणि दूरदर्शनवर अधूनमधून दिसलेले झुबिन मेहता. बस.

मध्यंतरी भाचीने हायडन या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटचे (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) तीन दुवे पाठवले. ओपस (म्हणजे छापील रचनांच्या गठ्ठ्याचा क्रमांक) २०, क्रमांक २, सी मेजर. वाजवणारे तीन वेगळे संच: क्वातुओर मोझाईक, कियारोस्कुरो क्वार्टेट आणि डोरिक क्वार्टेट. सोबत एवढंच की, "मामा, सुरुवातीला चेलो गातो, ते ऐक." ऐकलं, आवडलं, पुन्हा ऐकलं. आता घोळ सांगतो.

सी म्हणजे आपली पांढरी एक. सवयीने मोबाइलवर तंबोरा पांढरी एकला लावून डोरिकवाल्यांचं ऐकलं, तर जुळलं. मग कियारोस्कुरो लावलं तर सगळंच उतरलेलं. बरं, पांढरी सातला लावून पाहिलं, तर तिथेही बसेना. मधेच कुठेतरी तरंगतंय. तंबोऱ्याचं अॅप बिघडलं की वाजवणारे?

शिवाय या मंडळींचा लांब स्वर अगदी सरळ येतो, हलवत नाहीत. आमच्याकडे सरळ स्वराला मान आहे, म्हणून मला ते रुचलं. पण भाचीच्या क्लासातले म्हणतात की ही हल्लीची फॅशन आहे. खरं काय?

आणि शेवटचं. हायडनची सगळी क्वार्टेट्स एकत्र असलेले जाडजूड बॉक्स मिळतात. एकदाच पैसे टाकून मोकळं व्हावं का?

तबकडी

फॅशनच आहे ती. आमच्या वेळी व्हायोलिन गायचं. आता ऐकावं तर चौघं मिळून स्वराला उपाशी ठेवतात. अमाडेउस क्वार्टेट ऐका, क्वार्तेत्तो इतालियानोचं मोझार्ट ऐका. अमाडेउसच्या पहिल्या व्हायोलिनवाल्याचा, नॉर्बर्ट ब्रेनिनचा, एक स्वर घेतला तरी त्यात ओलावा आहे. किराण्याचे आहात तर तुम्हाला गोडवा हवा. ही सुकी भाकर कशाला चावताय?

माझ्याकडे सगळं एलपीवर आहे. बॉक्स-बिक्स घेऊ नका.

व्हायोलावाली

तबकडीकाका आले म्हणजे व्हायब्राटोवरून, म्हणजे स्वर हलवण्यावरून, वाजणार हे ठरलेलं. ते जरा बाजूला ठेवते, आधी पट्टीचं बघू.

काळी_चार, तुमचं अॅपही धड आहे आणि वाजवणारेही. मधला ए हा स्वर ४४० हर्ट्झचा मानायचा हे विसाव्या शतकात ठरलं. हायडनच्या काळात गावोगावी पट्टी वेगळी होती. जुन्या बांधणीच्या वाद्यांवर वाजवणारे आजचे संच हायडन-मोझार्टसाठी तडजोड म्हणून ए सुमारे ४३० ला लावतात. हिशेब केला तर हा फरक ४० सेंटचा येतो. पांढरी एक आणि पांढरी सात यांच्यातलं अंतर १०० सेंट. म्हणजे निम्म्याच्या थोडं अलीकडे. तुम्ही "मधेच कुठेतरी" म्हणालात ते अगदी चोख आहे. अॅपमध्ये बारीक सूर लावायची सोय असेल तर चाळीस सेंट खाली उतरवा, कियारोस्कुरो जुळेल.

आणि मग अॅप बंद करा. हायडन एका षड्जावर बसत नाही. पहिल्या भागाच्या मध्यावर तो पंचमाला जाऊन तिथेच सा मानून बसलेला असतो, पुढचा भाग सी मायनरमध्ये. तंबोरा चालू राहिला तर निम्म्या वेळी त्याच्याशी भांडण होईल, आणि त्यात चूक हायडनची नसेल.

आता रेकॉर्डिंग. मी व्हायोला वाजवते, ठाण्यातल्या हौशी मंडळींबरोबर. व्हायोला म्हणजे क्वार्टेटमधला तो तिसरा माणूस, ज्याच्याकडे कॅमेरा कधी जात नाही. त्यामुळे माझी परीक्षा साधी आहे: पहिला व्हायोलिन छान वाजवणारच, त्याचे पैसेच आहेत, मधले दोघं काय करतायत ते ऐकायचं. तुमच्या भाचीने नेमकी त्यासाठीच लिहिल्यासारखी रचना पाठवली आहे. सुरुवातीचे सहा बार (तालाचे छोटे टप्पे) पहिला व्हायोलिन चक्क गप्प आहे. चेलो आपली जागा सोडून वर चढून गातो, दुसरा व्हायोलिन त्याला साथ देतो आणि खालचा आधार, जे एरवी चेलोचं काम, ते येतं व्हायोलाकडे. ओपस २० हे १७७२ चं. त्या काळात क्वार्टेट म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या व्हायोलिनची मिरवणूक असायची, बाकीचे तिघं मागून चालणारे. इथे पहिला येतो सातव्या बारला, तोही सगळं ठरून गेल्यावर.

मोझाईकचं ऐका. हा संच १९८७ सालचा. एरिक होबार्थ, आंद्रेआ बिशोफ आणि अनिता मिटरर हे तिघं हार्नोनकूर यांच्या व्हिएन्नातल्या कॉन्चेंतुस म्युझिकुस या जुन्या वाद्यांच्या वाद्यवृंदातले, चेलोवर फ्रान्सचा क्रिस्तोफ क्वाँ. क्वाँ त्या सुरुवातीला मिरवत नाही, बोलल्यासारखा वाजवतो, आणि त्याच्याखाली मिटररचा व्हायोला इतका ठाम आहे की चेलो निर्धास्तपणे वर जातो. घाई कशाचीच नाही. मला विचाराल तर ओपस २० साठी अजूनही हे पहिलं.

कियारोस्कुरो वेगळी जात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकताना २००५ मध्ये एकत्र आलेली मंडळी, पहिल्या व्हायोलिनवर अलिना इब्रागिमोवा. आतड्याच्या तारा, जुन्या धर्तीचे गज, आणि हळू वाजवायचं म्हणजे किती हळू याला हद्द नाही. शेवटचा भाग लावा. चार विषयांचा फ्यूग आहे (चार धुना एकमेकींच्या मागोमाग येऊन गुंफल्या जातात), आणि हायडनने वर लिहून ठेवलंय 'सेम्प्रे सोत्तो वोचे', म्हणजे सतत दबक्या आवाजात. बरेच संच चार बार दबकतात आणि मग विसरतात, कारण फ्यूग म्हटला की बाह्या वर सरसावल्या जातात. ही चौघं विसरत नाहीत. पानामागून पान कुजबुज चालते, एक विषय दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो, कुणीच आवाज चढवत नाही, आणि मग शेवटाजवळ हायडन फोर्ते (जोरात) लिहितो तेव्हा माणूस दचकतो. हे हेडफोन लावून ऐका, रात्री. खाली रिक्षा चालू असताना यातलं काही कळणार नाही.

डोरिकवाले इंग्लंडचे, वाद्यं आधुनिक, पण व्हायब्राटो ते मीठ घालावं तेवढाच घालतात. वाक्य संपताना थांबतात, कधी इतके थांबतात की मला घड्याळ बघावंसं वाटतं. दुसऱ्या भागात मात्र हे थांबणं फळतं. तो भाग चौघांच्या एकसुरी घोषणेने उघडतो आणि पुढे नाटकातल्या स्वगतासारखा तुटक तुटक जातो. तिथे त्यांच्यापुढे मोझाईकसुद्धा मला जरा गुळगुळीत वाटतात.

रेकॉर्डिंगची लांबी कमी-जास्त दिसत असेल तर बहुतेक वेळा कारण रिपीटचं. हायडनने पहिला भाग दोन तुकड्यांत लिहून दोन्ही पुन्हा वाजवायला सांगितले आहेत. जुने संच दुसरा रिपीट सर्रास गाळत. आजचे बरेच जण दोन्ही घेतात आणि दुसऱ्या खेपेला पहिला व्हायोलिन एखादी हरकत टाकतो. लंडन हायडन क्वार्टेट या बाबतीत सर्वांत कर्मठ, आणि त्यांची लयही सावकाश. विलंबित पचवणाऱ्या माणसाला जमेल. आमच्या गटातला चेलोवाला त्यांना कंटाळतो.

आता काका, फॅशन. मोझार्टच्या वडिलांचं, लिओपोल्डचं, व्हायोलिनवरचं पुस्तक १७५६ चं. त्यात त्याने प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्या वादकांची ताप भरलेल्या माणसासारखे म्हणून टर उडवली आहे. म्हणजे तेव्हाही हलवणारे होते, आणि त्यांना हसणारेही. एकोणिसाव्या शतकातला व्हायोलिनवादक योआखिम व्हायब्राटो जपून वापरायचा. अखंड व्हायब्राटो रुळला तो क्राइस्लर या व्हायोलिनवादकाच्या पिढीपासून. तारांचंही तसंच. सगळ्या तारा आतड्याच्या असणं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेहमीचंच होतं, पोलादी ई तार त्यानंतर बोकाळली. (ठाण्यात जुलै महिन्यात आतड्याच्या तारा लावून बघाव्यात. दमट हवेत सकाळी लावलेला सूर चहा होईपर्यंत टिकत नाही. तिकडे ब्रेमेनला रेकॉर्डिंग करणाऱ्या कियारोस्कुरोने खुशाल लावाव्यात.)

तर "जुन्या वाद्यांवाले कोरडे, आधुनिक वाद्यांवाले गोड" ही वाटणी आता राहिलेलीच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. कासाल्स, एबेन, डोरिक ही सगळी आधुनिक वाद्यांवरची मंडळी, पण मोझाईकनंतर मोठी झालेली. ते स्वर कुठे हलवायचा हे निवडतात. उलट मोझाईकचा होबार्थ काही कोरडा नाही. दुकानदाराने लावलेली चिठ्ठी वाचून विकत घेऊ नका.

काका, तुमच्या अमाडेउसबद्दल मला आदर आहे, विशेषतः पीटर शिडलोफबद्दल. व्हायोलावाला १९८७ मध्ये गेला आणि बाकीच्या तिघांनी दुसरा न शोधता संचच संपवला. व्हायोलाला एवढा मान कुणी दिला नाही. पण त्यांचा हायडनचा डॉइचे ग्रामोफोन कंपनीचा मोठा बॉक्स उत्तरार्धातल्या क्वार्टेट्सचा आहे. प्रश्न ओपस २० चा आहे.

बॉक्सचं उत्तर उद्या देते, आत्ता कुकर लावायचाय.

डोनाऊकाठी

बॉक्सचं मी सांगतो, कारण मी घेऊन बसलोय. नोकरीनिमित्त व्हिएन्नात असतो.

हायडनची क्वार्टेट्स आज ६८ मोजतात. जुन्या याद्यांत ८३ दिसतील. त्यात ओपस ३ ची सहा होती, ती त्याची नव्हेतच, रोमान हॉफस्टेटर नावाच्या भिक्षूची मानतात. 'सेव्हन लास्ट वर्ड्स' या त्याच्याच रचनेचे सात तुकडेही त्यात धरलेले असत. नाक्सोस कंपनीच्या रेकॉर्डवर बुडापेस्टच्या कोदाय क्वार्टेटने सगळी वाजवली आहेत. स्वस्त, प्रामाणिक, कुठेच वाईट नाही. पण चाळीसावं क्वार्टेट ऐकताना तेराव्यात काय होतं ते आठवत नाही. बॉक्स हा संदर्भासाठी कपाटात असावा, ऐकायला सुरुवात त्याने करू नये. एकाच ओपसची दोन वेगळ्या संचांची रेकॉर्डिंगं घ्या, त्यात जास्त मजा आहे, आणि तुमच्या भाचीने तेच केलंय.

कोदायवाल्यांची बरीचशी रेकॉर्डिंगं बुडापेस्टच्या युनिटेरियन चर्चमध्ये झालेली आहेत. ते ऐकू येतं: प्रत्येक स्वर संपल्यावर थोडा वेळ छताशी रेंगाळतो. फ्यूगसारख्या भागात चौघांच्या कडा एकमेकांत मिसळतात. व्हायोलावालींनी ज्या कुजबुजीचं कौतुक केलंय ती कियारोस्कुरोची रेकॉर्डिंगं ब्रेमेनच्या झेंडेझालमध्ये झाली आहेत. ते मुळात रेडिओसाठी बांधलेलं सभागृह. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात जागा दिलेली असते. मी आता आधी ती वाचतो, मग बाकीचं.

इथे हायडनगास्सेवर त्याचं घर आहे, आता संग्रहालय. १७९७ पासून १८०९ मध्ये वारला तोपर्यंत तो तिथे राहिला. खोल्या आपल्या मुंबईच्या जुन्या ब्लॉकमधल्या हॉलपेक्षा फार मोठ्या नाहीत. चौघं बसले, त्यांचे स्टँड लागले, की ऐकणाऱ्यांना भिंतीला टेकूनच उभं राहावं लागेल. पहिल्यांदा तिथे गेलो त्यानंतर चर्चमधली क्वार्टेट्स मला जरा लांबून आल्यासारखी वाटायला लागली. जवळून घेतलेलं, गजाचा खरखराट आणि वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येणारं रेकॉर्डिंग काहींना खुपतं. मला चालतं.

काळी_चार, खयालवाल्याला एक सुचवतो: ओपस ७६, क्रमांक ३, दुसरा भाग. हायडनने सम्राट फ्रान्झसाठी १७९७ मध्ये एक गीत रचलं. आज जर्मनीचं राष्ट्रगीत त्याच चालीवर आहे. त्या चालीवर त्याने या क्वार्टेटमध्ये चार आवर्तनं लिहिली. चाल अजिबात बदलत नाही. एकदा पहिला व्हायोलिन ती मांडतो, मग दुसरा व्हायोलिन घेतो आणि पहिला तिच्याभोवती बारीक नक्षी करतो, बाकीचे दोघं गप्प. मग चेलो, मग व्हायोला, शेवटी पुन्हा पहिला, पण तेव्हा खालचे स्वर असे बदललेले की तीच चाल वयस्क झाल्यासारखी वाटते. बंदिश तीच आणि बाकी सगळं तिच्या अवतीभवती, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

ताकाच क्वार्टेटचं डेक्कावरचं ऐका. १९८० च्या दशकातलं, चौघंही मूळचे हंगेरियन होते तेव्हाचं. शेजारी कियारोस्कुरोचं ठेवा.

व्हायोलावाली

व्हायोलाचं आवर्तन तिसरं. नुसतं सांगून ठेवते.

काळी_चार

सगळ्यांचे आभार. चाळीस सेंट खाली आणलं, जुळलं! मग आज्ञेप्रमाणे बंद केलं.

रात्री हेडफोन लावून तो फ्यूग ऐकला. बायकोने विचारलं की एवढं कान देऊन काय ऐकताय, काहीच वाजत नाहीये. मग ते फोर्ते आलं आणि मी खुर्चीत हललो, ते तिने पाहिलं. आता तीही ऐकणार म्हणते.

राष्ट्रगीताच्या चालीचंही ऐकलं. पहिल्या आवर्तनात दोघंच असतात, त्यात ताकाचवाल्यांचा पहिला व्हायोलिन नक्षी करताना चालीवर पाय देत नाही, हे विशेष वाटलं. आमच्याकडे कित्येक हार्मोनियमवाल्यांना हे जमत नाही. व्हायोलाचं तिसरं आवर्तन मात्र मला उदास वाटलं. की व्हायोलाचा आवाजच तसा?

आता नवी अडचण. भाचीने कासाल्स क्वार्टेटचं ओपस ३३ पाठवलं. त्यातल्या क्रमांक २ ला 'विनोद' म्हणतात म्हणे. पूर्ण ऐकलं, पण विनोद काही सापडला नाही. संपलं असं वाटलं, पुन्हा थोडं वाजलं, आणि तेवढ्यात अॅपने पुढचं क्वार्टेट सुरू केलं. विनोद कुठला, आणि यानंतर मोझार्टकडे जायचं असेल तर कुठून जाऊ?

व्हायोलावाली

तुम्हाला विनोद दिसला होता, अॅपने तो खाल्ला.

ओपस ३३ हे १७८१ चं. क्रमांक २ चा शेवटचा भाग म्हणजे सहा-आठच्या लयीतली एक खट्याळ धून, पुन्हा पुन्हा येणारी. अगदी शेवटी हायडन मधेच चार गंभीर अदाजो (संथ) बार टाकतो, जसं काही आता भाषण होणार. मग धून परत येते, पण तिचे चार तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्यानंतर दोन बार शांतता. चौथा तुकडा झाला की वाटतं संपलं. लोक टाळ्या वाजवायला हात वर करतात. चार बार काहीच नाही. आणि मग, अगदी हळू, पहिला तुकडा पुन्हा. बस, संपलं. सुरुवात करून संपवलं. आता टाळी वाजवायची की थांबायचं, हे कुणालाच कळत नाही.

म्हणजे विनोद आहे तो शेवटच्या स्वरानंतरच्या शांततेत. मैफलीत ती शांतता फुकट मिळते. रेकॉर्डिंगमध्ये ती संपादकाच्या हातात असते: ट्रॅकच्या शेवटी किती सेकंद मोकळे सोडायचे. आणि अॅपवर तर कुणाच्याच हातात नाही. ऑटोप्ले बंद करा आणि तेवढाच भाग पुन्हा ऐका. कासाल्सवाले मधल्या विश्रांती सगळ्या सारख्या ठेवत नाहीत, किंचित ताणतात, त्यामुळे दुसऱ्यांदा ऐकतानाही फसायला होतं. आम्ही हे गटात वाजवलं तेव्हा शेवटच्या चार बारांत आमच्या दुसऱ्या व्हायोलिनला हसू फुटलं आणि तो शेवटचा तुकडा आलाच नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं असंच असतं.

व्हायोला उदास असतो का? सी तारेवर हो. पण त्या तिसऱ्या आवर्तनात वरचे दोघं अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली सरकत राहतात, उदासी तिथून येते. आमच्या माथी का?

मोझार्ट. त्याने ओपस ३३ वाचलं आणि १७८२ ते १७८५ या काळात सहा क्वार्टेट्स लिहून हायडनलाच अर्पण केली. एरवी पत्र लिहिता लिहिता संगीत लिहिणारा माणूस, पण या सहांच्या अर्पणपत्रिकेत 'दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीचं फळ' असं लिहून गेलाय. हस्तलिखितात खाडाखोडही भरपूर आहे. मायकेल केली नावाच्या आयरिश गायकाने आपल्या आठवणींत व्हिएन्नातल्या एका संध्याकाळचं लिहून ठेवलंय: क्वार्टेट वाजवायला बसले ते पहिल्या व्हायोलिनवर हायडन, दुसऱ्यावर डिटर्सडोर्फ, चेलोवर वानहाल (हे दोघंही संगीतकार), आणि व्हायोलावर मोझार्ट. वर शेरा असा की वाजवणारे ठीकठाक होते. माझ्या वाद्याबद्दल कुणी काही बोललं की मी हीच यादी वाचून दाखवते.

सहांतलं शेवटचं घ्या, के. ४६५ (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), सी मेजर. 'डिसोनन्स' नाव का पडलं ते पहिल्या दोन बारांत कळेल. चेलो खाली सा धरून ठोके देतो. त्यावर व्हायोला कोमल धैवत लावतो, दुसरा व्हायोलिन कोमल गंधार, आणि मग पहिला व्हायोलिन वरून शांतपणे शुद्ध धैवत घेऊन येतो. तोवर व्हायोला सरकलेला असतो, पण कानात कोमल धैवत अजून रेंगाळतोच. तुम्हाला हे बहुधा इतरांपेक्षा जास्त टोचेल. बावीस बार असं चाललेलं असतं, आणि मग एकदम लख्ख सी मेजर.

या बावीस बारांवरून संच ओळखावा. एबेनचं २०११ चं रेकॉर्डिंग आहे, के. ४२१ आणि ४६५ एकत्र. सुरुवातीला त्यांनी व्हायब्राटो इतका आवरलाय की स्वर एकमेकांवर घासतात ते नागडं ऐकू येतं. पुढच्या अॅलेग्रोत (जलद भागात) जरा जास्तच चटपटीत होतात, पण ती सुरुवात माझ्या मते अलीकडच्यात सर्वांत धीट. हागेन क्वार्टेट साल्झबर्गचं, मुळात चार भावंडांनी सुरू केलेलं. त्यांचं मोझार्ट थंड डोक्याचं, सगळे कोपरे दाखवणारं. आल्बान बेर्गचं सत्तरच्या दशकातलं टेल्डेकवरचं काकांनाही पटेल: भरलेला आवाज, पण सैल काहीच नाही. मी यातलं एबेन आणि आल्बान बेर्ग अशी जोडी लावेन. मोझाईकचंही आहे, पण तुमच्याकडे त्यांचं हायडन आहे, इथे दुसऱ्यांना संधी द्या.

तबकडी

आल्बान बेर्ग मला पटतंच, त्यासाठी व्हायोलाबाईंच्या शिफारशीची गरज नव्हती.

हॉफस्टेटरचं कळलं. ओपस ३ मधली ती सेरेनेड माझ्याकडे हायडनच्या नावावर तीन एलपींवर आहे. भिक्षूची असो नाहीतर कुणाची, धून झकास आहे. कव्हर बदलणार नाही.

नाशिककर, तुम्हाला खरंच जुनं ऐकायचं असेल तर अमाडेउसच्याही मागे जा. बेल्जियमच्या प्रो आर्ते क्वार्टेटने १९३० च्या दशकात हिज मास्टर्स व्हॉइससाठी हायडन वाजवलं. कंपनीने आधी वर्गणीदार गोळा केले, मग तबकड्या काढल्या. त्यात तुमचं हे ओपस २० मधलं दुसरंही आहे. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं, त्यामुळे रिपीटची चैन नाही. पण एक स्वर सोडून दुसऱ्यावर जाताना ते मधून घसरत जातात, आपल्या मींडेसारखे. पुढे हे सगळ्यांनी टाकून दिलं. आजचे जुन्या वाद्यांवाले तर त्याला हातही लावत नाहीत. व्हायब्राटो कमी केला, ठीक. मग मींड का नको? याचं उत्तर द्या म्हणावं.

आणि क्वार्टेट हे काही आपल्याकडे भाचीच्या दुव्यांनी आलेलं नाही. व्हाल्टर काउफमान नावाचा कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला, इथे त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिनचे वडील. आकाशवाणीची सकाळची ती धून काउफमानचीच मानतात. १९४० मध्ये मेहलींनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केलं.

काळी_चार

आकाशवाणीची धून? ती तर लहानपणापासून रोज सकाळी ऐकलीय. हे भाचीला कळवतो. प्रो आर्ते नेटवर मिळालं. खरखर आहे, पण मींडेबद्दल काका बरोबर आहेत. चेलोची ती पहिली ओळ इथे सर्वांत जास्त गाते.

व्हायोलावाली

मींडेचा मुद्दा मलाही मान्य. लिओपोल्डचं ऐकून व्हायब्राटो आवरणारे लोक जुनी घसरण मात्र सोयीने विसरतात. लंडनमध्ये काही तरुण मंडळी तिच्यावर पुन्हा काम करतायत, पण बहुतेक ब्राम्स वगैरेसाठी. हायडनमध्ये तेवढी घसरण असावी का यावर मी अजून भांडायला तयार आहे, काका. रविवारी.

प्रो आर्तेमध्ये व्हायोलावर जेर्मेन प्रेवो आहे. चौघं १९४० मध्ये अमेरिकेत मॅडिसनला वाजवत असताना जर्मनीने बेल्जियम घेतलं आणि परतीची वाट बंद झाली. तिथल्या विद्यापीठाने त्यांना ठेवून घेतलं, संच त्या नावाने आजही तिथे आहे. पहिला व्हायोलिन आल्फोन्स ओनू त्याच वर्षी गेला. प्रेवोने पुढे त्याच्या स्मरणार्थ स्त्राविन्स्कीकडून एकट्या व्हायोलासाठी रचना मागून घेतली, १९४४ ची 'एलेजी'. हायडन झाल्यावर ती ऐका. पाच-सहा मिनिटांची आहे, आणि सगळी व्हायोलाची.